तटाच्या कोणत्या बाजूची बातमी?

बर्डीच्या टेकडीवर आज जो किल्ला आहे, तो सीताबर्डीच्या लढाईच्या दिवशी नव्हता. नागपुरात हे सांगितलं की समोरचा माणूस आधी थबकतो आणि मग वाद घालतो. त्याचंही चुकत नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, वर्षातून हे तीन दिवस किल्ला लोकांसाठी उघडतो. माणसं उन्हातान्हात रांगेनं वर चढतात, तटावरून स्टेशनाकडे बघतात, आणि इंग्रज याच तटाआडून लढले असं मनाशी धरून खाली उतरतात. पण २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथे दोन उघड्याबोडक्या टेकड्या होत्या, एक मोठी आणि तिच्या उत्तरेला सुमारे ३०० यार्डांवर एक लहान. पश्चिमेला रेसिडेन्सी, म्हणजे भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं. तट, बुरूज, दरवाजा, काही नाही. किल्ला इंग्रजांनी बांधला तो लढाई जिंकल्यावर, पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून.

हा नुसता कीस काढणं नाही. जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्याच्या हातातली ही पहिली फूटपट्टी आहे. त्या लढाईचं ‘आँखों देखा’ म्हणून मिरवणारं एखादं वर्णन हाती आलं आणि त्यात शिपाई किल्ल्याच्या तटावरून बंदुका झाडताना दिसले, तर ते वर्णन नंतर कधीतरी, खाली बसून लिहिलेलं आहे. त्या रात्री जो तिथे होता तो टेकडी म्हणेल, उतार म्हणेल, पायथ्याच्या झोपड्या म्हणेल.

आणि नागपुरात खरोखर वेढा पडला तो बर्डीवर नव्हेच. तो पडला महिन्याभराने, महालात, म्हणजे जुन्या शहरातल्या राजवाड्याच्या भागात. त्याची बातमी कुणी लिहिली आणि कुणी लिहिली नाही, हा या लेखाचा विषय. पण तिथे जाण्याआधी १८१७ साली युद्धाची बातमी छापखान्यापर्यंत पोचायची कशी, ते बघावं लागेल. ते कळल्याशिवाय त्या काळचं एकही पान नीट वाचता येत नाही.

घटना थोडक्यात. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांचं आणि इंग्रजांचं वाजलं. २४ नोव्हेंबरला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि जरीपटका उघड दरबारात स्वीकारला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने जवळची फौज टेकड्यांवर चढवली: मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणीची एकेक बटालियन, बंगालच्या ६ व्या रिसाल्याच्या तीन तुकड्या, रेसिडेन्सीची रखवाली आणि चार सहा-पौंडी तोफा. सगळे मिळून १,३०० ते १,४००. हुकूम लेफ्टनंट कर्नल स्कॉटचा. संध्याकाळी ६ च्या सुमारास गोळीबार सुरू झाला, रात्रभर चालला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. मधे सकाळी लहान टेकडीवर दारूच्या गाडीचा स्फोट झाला आणि भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी ती टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने रिसाला घेऊन खाली धाव घातली, वर अरबांच्या ताब्यातल्या टेकडीवर पुन्हा दारू उडाली आणि टेकडी परत इंग्रजांकडे आली. इंग्रजी फौजेचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. म्हणजे चौघांत एकाहून जास्त.

आता याची बातमी.

रणांगणावर वार्ताहर नावाचा प्राणी अजून जन्माला यायचा होता. लिहिणारा म्हणजे लढणारा अधिकारी. तो वरिष्ठाला अहवाल लिहितो. स्कॉटचा कागद जेंकिन्सकडे, जेंकिन्सचा कागद गव्हर्नर जनरलकडे. आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज त्या वेळी कलकत्त्यात नव्हता. पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर तो स्वतः फौजेबरोबर उत्तरेत छावणीत होता, आणि नोव्हेंबरातच त्या छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती. त्यामुळे कागद आधी छावणीत, तिथून कलकत्त्याला. दुसरी नक्कल दख्खनच्या फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप याच्याकडे. तोही माळव्याच्या वाटेवर. मुंबई आणि मद्रास सरकारांना आणखी नकला. मग त्यांतली एखादी जहाजात बसून केपला वळसा घालून ४ ते ६ महिन्यांनी लंडनला. तिथे ईस्ट इंडिया हाउस, तिथून इंडिया बोर्ड, तिथून लंडन गॅझेट हे सरकारी पत्र. गॅझेटवरून लंडनची दैनिकं उचलणार, १८१६ पासून निघणारं एशियाटिक जर्नल हे मासिक उचलणार. आणि तीच छापील प्रत पुढच्या जहाजाने परत हिंदुस्थानात आली की कलकत्त्या-मद्रासची पत्रं ती पुन्हा छापणार.

हा फेरा ध्यानात घेतला नाही की एक मोठी चूक हमखास होते. एकच मजकूर कलकत्त्यात, मद्रासेत, मुंबईत, लंडनच्या तीन पत्रांत सापडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, सहा ठिकाणी एकच आकडा आहे म्हणजे पक्का असणार. सहा ठिकाणी छापून आलं म्हणजे सहा साक्षीदार झाले असं नव्हे. साक्षीदार एकच, स्कॉट. बाकीचे कंपोझिटर.

म्हणून कुठलंही कात्रण हातात आलं की आधी चार तारखा वेगळ्या कागदावर मांडाव्यात: घटना घडली ती, पत्र लिहिलं ती, पत्र पोचलं ती, आणि छापलं ती. पहिली आणि दुसरी यांत एक-दोन दिवसांचं अंतर असेल तर लिहिणाऱ्याचे हात अजून काळे आहेत. दहा दिवसांचं असेल तर मधे शहाणपण शिरलेलं असतं. तिसरी-चौथीतलं अंतर सरकारी असतं. बातमी गोड असेल तर ते लहान असतं, कडू असेल तर लांबतं. पत्राच्या माथ्यावर ‘नागपूरजवळची छावणी’ आहे की ‘सीताबर्डी’ आहे की ‘फोर्ट विल्यम’ आहे, हेही पाहावं. फोर्ट विल्यमहून, म्हणजे कलकत्त्याच्या सरकारी कचेरीतून, निघालेला कागद म्हणजे सारांश. तो कितीही रसाळ असला तरी त्याच्या लेखकाने दारूचा वास घेतलेला नाही.

गॅझेटची भाषा ठरलेली असते, आणि त्या ठरलेपणातच खुणा असतात. आरंभी लिहिलेलं असतं की अमुक सरकारकडून कागद आले आहेत आणि त्यांतले काही ‘उतारे व नकला’ पुढे देत आहोत. हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर एकतर ‘नक्कल’ असतं किंवा ‘उतारा’. नक्कल म्हणजे पूर्ण पत्र. उतारा म्हणजे कात्री चाललेली आहे. कापलेल्या जागी कधी टिंबं असतात, पुष्कळदा तीही नसतात. मग परिच्छेदांचे जोड बघायचे. एका परिच्छेदात रात्र आहे आणि पुढच्यात एकदम दुपार, किंवा ‘वर सांगितलेला अधिकारी’ असा उल्लेख आहे आणि वर तो अधिकारी कुठेच नाही, असं दिसलं की कात्री कुठून गेली ते कळतं. कापलेला भाग बहुतेक तीन प्रकारचा असतो: दुसऱ्या दरबाराशी चाललेली बोलणी, आपल्याच अधिकाऱ्यांवर ठेवलेला ठपका, आणि पैसे.

कलकत्त्याच्या पत्रांना आणखी एक कात्री होती. मे १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्लीने नियम घातले: पानाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव हवं, मालक-संपादकाने नावपत्ता सरकारात द्यावा, रविवारी अंक काढू नये, आणि सरकारच्या सेक्रेटरीने आधी तपासल्याखेरीज काही छापू नये. नियम मोडला तर पहिल्या जहाजाने युरोपला रवानगी. ही पूर्वतपासणी उठली ऑगस्ट १८१८ मध्ये. म्हणजे आप्पासाहेबांच्या युद्धाचा नोव्हेंबर ते मे हा सगळा काळ बरोबर तिच्या आत येतो. त्या महिन्यांतल्या कलकत्त्याच्या अंकात नागपूरच्या रणात काही गडबड झाल्याचं दिसलं नाही, तर त्यावरून गडबड झालीच नव्हती असं मानणं हा भोळेपणा आहे. एखादी नामुष्कीची गोष्ट छापून आलीच, तर ती लपवण्याजोगी राहिली नव्हती एवढं मात्र नक्की.

अहवालाच्या मागे जोडपत्रं असतात. बहुतेक वाचक ती उलटून जातात, कारण ती रटाळ असतात. माझ्या लेखी अहवालाचा जीव तिथेच असतो. एक तक्ता मेलेल्या, जखमी झालेल्या आणि बेपत्ता माणसांचा. उभ्या रकान्यांत हुद्दे: युरोपीय अधिकारी, सार्जंट, सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिपाई, ढोलवाले, पखालवाले भिस्ती, कधी शेवटी घोडे. आडव्या ओळींत पलटणी. तक्त्याखाली नावांची यादी, आणि ती फक्त युरोपीय अधिकाऱ्यांची. जेंकिन्सचा पहिला मदतनीस जॉर्ज सॉथबी बर्डीवर मारला गेला. तो नावानिशी आहे. २४ व्या पलटणीतला जो शिपाई त्याच टेकडीवर पडला, तो एका आकड्यातला एक आहे.

तरीही तो आकडाच अहवालातला सर्वांत भरवशाचा ऐवज. लढाईचं वर्णन सजवता येतं, हजेरीपट सजवता येत नाही. त्यावर पगार, वारसांची सोय आणि नवी भरती अवलंबून असते. तोफांचंही तसंच. शत्रूच्या अमुक तोफा हाती लागल्या हा आकडा खरा मानायला हरकत नाही, कारण तोफा म्हणजे लूट आणि लुटीची वाटणी व्हायची असते. प्रत्येक नळीची मोजदाद होते, पितळी किती, लोखंडी किती, किती पौंडी. उलट ‘शत्रूचे इतके हजार होते’ आणि ‘शत्रूचे इतके पडले’ हे दोन आकडे सर्वांत कच्चे. पहिला अंधारात, उतारावरून, मशालींवरून अदमासलेला. दुसरा तर अंदाजाचाही अंदाज, कारण मागे हटणारी फौज आपली प्रेतं होईल तितकी उचलून नेते. नागपूरकरांची फौज १८,००० म्हणा की २०,०००, त्यातून एवढंच कळतं की वरून बघणाऱ्याला ती फार वाटली.

पहिल्या पत्रातला ‘आपला’ आकडाही घाईचा असतो, ही आणखी एक बारीक गोष्ट. जखमी नंतर मरतात, बेपत्ता परत येतात. सविस्तर तक्ता मागाहून निघतो आणि पुष्कळदा वेगळ्या अंकात छापला जातो. दोन अंकांतले आकडे जुळत नाहीत म्हणून कुणी खोटेपणाची बोंब मारू नये. आधी तक्त्यांच्या तारखा पाहाव्यात.

अधिकृत अहवालाशेजारी पत्रांत ‘एका अधिकाऱ्याच्या खासगी पत्रातून’ असा मजकूर येतो. तो वाचायला फार गोड. त्यात थंडी असते, तहान असते, शेजारी पडलेला मित्र असतो. भावनेसाठी तो घ्यावा, संख्येसाठी घेऊ नये. फिट्झजेराल्डने हल्ल्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही आणि तो आपल्या जबाबदारीवर तुटून पडला, ही गोष्ट पुढच्या इतिहासांतून फार रंगवून सांगितली जाते. खरी असेलही. पण ज्याने परवानगी दिली नाही म्हणतात, त्याच्याच सहीच्या कागदात ती शोधू नये.

पंचांगाचा एक उपयोग सांगून पुढे जातो. ९ नोव्हेंबर १८१७ ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. त्या हिशेबाने २६ तारीख पौर्णिमेनंतर दोन-तीन रात्रींची, शके १७३९ चा कार्तिक वद्य. संध्याकाळी ६ ला अंधार पडत आला असणार, पण रात्री आठच्या आसपास मोठा चंद्र वर आला असणार आणि तो पहाटेपर्यंत होता. तेव्हा ‘रात्रभर मिट्ट काळोखात’ लढाई चालली असं कुणी लिहिलं असेल तर एकतर आभाळ भरलं होतं किंवा लेखणी वाहवली होती. कार्तिकात नागपूरचं आभाळ सहसा भरत नाही.

आता महाल.

बर्डीच्या लढाईनंतर मदतीच्या फौजा येत गेल्या: २९ नोव्हेंबरला गॅहन, ५ डिसेंबरला पिटमन, १२ डिसेंबरला जनरल डव्हटन. या तीन तारखाच सांगतात की टेकडीवरच्यांची डाक चालू होती. हरकारे बाहेर जात होते, निरोप पोचत होते. म्हणून तर आज त्यांची बाजू आपल्याला वाचायला मिळते. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्याच दिवशी डव्हटनने जुम्मा तलावाच्या बाजूला नागपूरकरांची फौज मोडली. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे शुक्रवारी तलाव, आणि आज गांधीसागर. नावं तीन झाली, पाणी तेच.

राजा स्वाधीन झाला, पण अरब झाले नाहीत. भोसल्यांच्या चाकरीतले हे अरब आणि त्यांच्याबरोबरचे काही हिंदुस्थानी शिपाई शहराच्या आतल्या कोटात, राजवाड्याच्या भागात, दारं लावून बसले. १९ डिसेंबरपासून मोर्चे लागले. तोफांनी जुम्मा दरवाजा, आजचं गांधी गेट, फोडायला घेतला आणि २४ तारखेला भगदाडावर हल्ला झाला. तो फसला.

भगदाड पडलं म्हणजे वाट झाली असं नसतं. तोफेने तट खालच्या अंगाला आडवा कापत न्यावा लागतो, म्हणजे वरचा भार आपसूक कोसळतो आणि ढिगाऱ्याचा चढ तयार होतो, हात न टेकता माणूस चढेल असा. नुसता वरचा कठडा उडवला तर बाहेरून भगदाड छान दिसतं, पण पायथ्याशी भिंत उभीच राहते. दरवाजा फोडण्यात आणखी एक मेख असते. दरवाजाच्या आत सरळ रस्ता नसतो, वळण असतं. आजूबाजूला घरं, गच्च्या, भिंती. बंदुकीला भोकं पाडून बसलेल्या मोजक्या माणसांना मग भगदाडातून आत येणारा प्रत्येक जण एकेक करून सापडतो. हलक्या तोफा आणि घाई यांनी वेढे फसतात ते असे. त्या काळच्या अहवालात ‘भगदाड जाण्याजोगं वाटलं’ असं वाक्य दिसलं की ‘वाटलं’ या शब्दावर बोट ठेवावं. कुणाला वाटलं? किती यार्डांवरून? दुर्बिणीतून की जवळ जाऊन?

शेवटी तलवारीने नाही, बोलण्याने काम झालं. ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले: हत्यारं, बायकामुलं आणि सामान घेऊन, ५०,००० रुपये पदरात पाडून, मलकापूरपर्यंत सोबतीला इंग्रजी रखवाली घेऊन.

या दहा-बारा दिवसांचे कागद आहेत ते सगळे वेढा घालणाऱ्यांचे. आतल्यांचं एक अक्षर वर्तमानपत्रात नाही. आत भरल्या घरांची वस्ती होती, राजवाडा होता, पागा, देवळं, बाजार होते. शेर गव्हाला काय पडत होतं, विहिरींना पाणी किती होतं, अरबांचे जमादार आपसांत काय बोलले, ५०,००० चा आकडा पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला, यातलं काही छापील पानावर उतरलं नाही. छापील मराठी पत्रच नव्हतं. दर्पण निघायला अजून १४ वर्षं होती, ६ जानेवारी १८३२. दरबारोदरबारी अखबारनवीस आणि वकील होते, रोजची बातमी मोडीत लिहून धाडत होते. पण ती धाडायला वाट लागते आणि वेढा म्हणजे नेमकी तीच बंद करणं. भाकरी नंतर संपते, डाक पहिल्या दिवशी संपते.

माझ्या मते वेढ्याच्या प्रत्येक ‘प्रत्यक्षदर्शी’ बातमीला पहिला प्रश्न हा विचारायचा: हा कागद बाहेर आला कसा? उत्तर सोपं असेल तर लेखक तटाबाहेरचा. अवघड असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे.

१८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांचे निरोप बाहेर जात तो अंगद नावाच्या जासुदाच्या अंगावर. पातळ कागद वाटोळा वळून पिसाच्या पोकळ दांडीत घातलेला. पकडला गेला तर वाचता येऊ नये म्हणून त्यातले शब्द ग्रीक अक्षरांत. अशा चिठोऱ्यात किती मावणार? किती माणसं उरली, किती दिवसांचं धान्य आहे, कोणत्या वाटेने या. बस. ८७ दिवसांच्या वेढ्याचा सविस्तर अहवाल लिहिला गेला तो २६ सप्टेंबरला, म्हणजे सुटकेला आलेली हॅवलॉकची फौज आत शिरल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर मेलेले कोण आणि शूर कोण हे ठरून गेलं होतं. चिठोरं आणि अहवाल शेजारी ठेवले तर चिठोऱ्यातली भीती अहवालात सापडत नाही.

त्याच उन्हाळ्यात दिल्लीत उलट घडत होतं. इंग्रज बाहेर टेकडीवर, शहर आत, आणि शहरात छापखाने चालू. मौलवी मुहम्मद बाकर यांचं देहली उर्दू अखबार दर आठवड्याला निघत राहिलं. १२ जुलैपासून बादशहाच्या तखल्लुसावरून, म्हणजे कवी म्हणून घेतलेल्या नावावरून, त्याचं नाव अखबार-उज़-ज़फ़र झालं. हे शक्य झालं याचं एक कारण यंत्रात आहे. शिळाप्रेसला शिशाचे खिळे लागत नाहीत, जुळाऱ्यांचा ताफा लागत नाही. एक चांगला कातिब, म्हणजे सुबक अक्षराचा लेखक, चिकट शाई, घासलेला दगड, दाब आणि कागद. यांतला कागद तेवढा संपतो. बातमी मात्र तटाच्या आतलीच, कारण बाहेरची येत नाही. म्हणून त्यात बाजारभाव, शिपायांची दांडगाई, कोतवालाचे हुकूम सापडतात आणि दूरच्या मुलखातल्या विजयाच्या वावड्याही. भाव खरे, वावड्या वावड्या. दिल्ली पडल्यावर मौलवींना इंग्रजांनी मारलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात व्हिक्सबर्गच्या वेढ्यात १८६३ मध्ये कागद संपला तेव्हा डेली सिटिझन हे पत्र भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या पाठीवर छापलं गेलं. २ जुलैचा अंक जुळवून ठेवलेला होता. ४ जुलैला शहर पडलं, आत शिरलेल्या शत्रूच्या शिपायांनी त्याच जुळणीत खाली आपली छोटी टीप घातली आणि छापून घेतला. एकाच पानावर तटाच्या दोन्ही बाजू, असा दुसरा कागद मला माहीत नाही. त्याच्या नकला इतक्या निघाल्या की जुन्या बाजारात दिसणारी प्रत बहुधा नक्कलच असते. अस्सल अंकाचा छापील भाग ९⅛ इंच रुंद आणि १६⅞ इंच उंच, हे मोजून बघितलं की निम्मे दावे तिथेच गळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्याच्या २१७ दिवसांत निघणाऱ्या पत्रकावर ‘तोफगोळ्यांनी परवानगी दिली तर रोज’ अशी ओळ असे. लेडीस्मिथच्या वेढ्यातल्या पत्राने तर नावातच आपण थापा मारतो असं सुचवून टाकलं होतं. तिथे आत अडकलेला डेली मेलचा वार्ताहर स्टीव्हन्स १५ जानेवारी १९०० ला विषमज्वराने गेला. आतून लिहिणाऱ्याला वेढ्याचं पाणीही प्यावं लागतं.

नागपूरला बसून हे सगळं वाचायचं तर आता फार पायपीट नाही. लंडन गॅझेटचे जुने अंक घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. अडचण शोधण्यात येते. ‘नागपूर’ आजच्या हिज्ज्याने शोधलं तर हाती फारसं लागत नाही. शेवटच्या अक्षरांत ‘पोर’ही आहे आणि दोन ‘ओ’ घातलेलं ‘पूर’ही. सीताबर्डीत ‘र’ च्या जागी ‘ल’, आणि पुढेमागे दोन-दोन ‘ई’. आप्पासाहेब कधी एका ‘पी’ने, कधी दोनांनी, शेवटी कधी ‘एच’. हे सगळे हिज्जे आधी कागदावर लिहून एकेक चालवावेत. १८०३ च्या गाविलगडच्या वेढ्याकडे गेलात तर आणखी एक खोड आहे. त्या सुमाराच्या जुन्या छपाईत लांब ‘एस’ येतो आणि यंत्र त्याला ‘एफ’ वाचतं, म्हणून वेढ्याचा इंग्रजी शब्द पहिलं अक्षर बदलून शोधावा लागतो. १८१७ पर्यंत हा त्रास बराच संपलेला होता. नावांनी काही मिळालं नाही तर तारखेने जावं: घटनेपासून ४ महिने पुढचे अंक घेऊन पान-पान उलटावं. कंटाळवाणं आहे, पण तक्ते असेच सापडतात. आकड्यांची पानं यंत्राला वाचता येत नाहीत.

प्रत्यक्ष कागद हाताळायचा योग आला तर एक गोष्ट चकित करते. १८१७ चा अंक १९१७ च्या अंकापेक्षा धडधाकट असतो. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा. उजेडासमोर धरला तर त्यात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, आणि दोनशे वर्षांनीही तो घडीवर वाकतो. १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो आणि बिस्किटासारखा तुटतो. नागपूरचं हवामान त्याचं वैरी: मेमध्ये ४५ अंशांत वाळून कडक, जुलैत दमट होऊन सैल, असं दरवर्षी. आधी घडीवर चीर जाते, मग कोपरे. असा अंक उभा ठेवू नये, गुंडाळू नये, आडवा ठेवावा, घडी उघडूनच. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणारा माणूस कागदाचा शत्रू. तिचा डिंक दहा-पंधरा वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो आणि मग निघत नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, एवढंच, आणि तेही शिकलेल्या हातानं. कसर बघायची तर बांधणीच्या पाठीत बघावी. ती कागदाआधी खळ खाते.

मोडीतल्या बातमीपत्रांचं काम यापेक्षा सावकाश. तिथे तारीख शकाची, कधी सुहूर सनाची, महिना कधी चांद्र मुसलमानी, आणि ती इंग्रजी तारखेशी बसवण्यात अर्धा दिवस जातो. पण महालाच्या आतलं काही निघालं तर तिथूनच निघेल. कुणाच्या तरी वकिलाला कुणीतरी लिहिलेलं, अरब बाहेर पडल्यावर वाट मोकळी झाली तेव्हा घाईनं धाडलेलं. पौष महिन्याच्या रुमालांत, म्हणजे कागदांच्या गाठोड्यांत, पाहावं. ३० डिसेंबर १८१७ नंतर आठवड्याभरात पौष लागतो, आणि तुंबलेली डाक त्याच दिवसांत सुटलेली असणार.